कार्बनवर उतरलेले धडे

घाटकोपरच्या वाचनालयात अर्थशास्त्राचं पुस्तक एकच होतं, तेही तिथेच बसून वाचायचं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. पुस्तकासाठी घरी पैसे मागणं जमत नसे. पण रोज दार उघडताच एक मुलगा ते पटकावायचा आणि वहीत कार्बन पेपर घालून धडे उतरवत बसायचा. परीक्षा आठवड्यावर आली तेव्हा मी चिडून विचारलं, "मला कधी देणार?"

"थांब ना यार. दोन पोरांना लिहून द्यायचंय, त्याच्या पैशांतून माझी फी भरायचीय."

"मग तू वाचणार कधी?"

"वाचत बसलो तर लिहून कधी होणार?" बॉलपेन दाबून सुजलेलं बोट त्याने चोळलं.

मी पुस्तक ओढून घेतलं आणि हळू आवाजात त्याला मजकूर वाचून सांगू लागलो; तो उतरवत गेला. माझा अभ्यास झाला. त्याचा झाला का, हे विचारायचं धाडस मात्र झालं नाही.