पासवाले

"पासवाले उठा, तिकीटवाल्यांना बसू द्या!" कंडक्टरनं दांडीवर पंच आपटत हाळी दिली आणि एसटीतली कॉलेजची पोरं मुकाट्यानं उठली. त्यांच्या जागा तिकीटवाल्यांनी लगेच भरल्या. मी उभी होते तिथल्या सीटवरची मुलगी तेवढी उठली नाही. मांडीवर सॅक आणि सॅकवर उघडं पुस्तक घेऊन ती तशीच बसून राहिली.

"उठ की गं, या मॅडमना बसू दे," माझ्याकडे बोट दाखवत कंडक्टर म्हणाला.

तिनं सॅकमधून पास काढून त्याच्यापुढे धरला. "काका, उभ्यानं जायचं असं यावर कुठं लिहिलंय ते दाखवा. लगेच उठते."

गाडीत हशा पिकला. मला मात्र तो शब्द टोचत राहिला. पासवाले. कॉलेजात असताना आम्हालाही हेच नाव होतं. सवलत असते भाड्यात, पण लोकांना वाटतं, माणूसच कमी दरातला आहे. त्याचे पाय दुखत नाहीत, त्याला परीक्षा नसते, त्यानं दांडीला लोंबकळत शिकावं आणि वर उपकार मानावेत. कशाचे? गावात कॉलेज नाही, हा काय या पोरीचा गुन्हा?

"बस तू," मी तिला म्हटलं आणि दांडी घट्ट धरली.

कंडक्टर ओशाळला. "अहो मॅडम, तिकीट काढून उभ्या राहणार?"

"राहीन की. मी जुनी पासवाली आहे. मला उभं राहायची सवय लावलीत तुम्ही. हिला लावू नका."