ट्रेमोलोतून निघालेली हाक

पहिल्यांदाच इथं लिहितोय. ह्या धाग्यावरचे भुताटकीचे अनुभव वाचून आजवर मी हसतच आलो... आमच्याकडं पिंपळाखालच्या भानगडी सांगणारे कमी नाहीत, त्यांच्या तोंडावरही हसलोय. तेव्हा आता कुणी मला हसलं तर माझी तक्रार नाही.

बीड जिल्हा, गेवराई तालुका. तलवाड्याच्या पुढं, माळाला लागून आमची वस्ती. घर मेंढपाळाचं, पण मी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. दादांना — म्हणजे वडलांना — हे कधीच पटलं नाही. "मेंढरामागं जायाची लाज वाटती, तारा खाजवायची न्हाई वाटत," हे मी मिसरूड फुटल्यापासून ऐकतोय.

दादांची हाक आसपासच्या वस्त्यांत माहीत होती. जीभ टाळूला लावून एक लांब "हुर्र्र्र..." थरथर मध्येच मंदावायची, अडखळायची, परत चढायची. ती ऐकली की पांगलेला कळप चरायचं सोडून निघायचा. दुसऱ्या कुणाला मेंढरं जुमानत नसत. मला तर नाहीच.

मग दादांच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. उरली नुसती कुजबुज, तीही कान जवळ नेला तर. तरी काठी आपटत, खडे भिरकावत ते मेंढरं न्यायचेच. मी म्हणालो, "मी जातो." तर म्हणाले, "तू तुजं टुणटुण बघ."

गेल्या हिवाळ्यात मी एक ट्रेमोलो पेडल — गिटारला जोडायची मुठीएवढी डबी — मागवलं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी — लहानपणी टेबलफॅनसमोर तोंड धरून "आऽऽ" केलंय ना? आवाज कापत कापत येतो. हे पेडल गिटारच्या सुराचं तेच करतं. थरथर किती वेगात आणि किती खोल, हे ठरवायला दोन खुंट्या, आणि थरथरीचा आकार बदलायला एक बटण. हळू ठेवलं तर सूर पाळण्यासारखा झुलतो. वेग वाढवला की डिझेल इंजिनासारखा फडफडतो. चौकोनी आकारावर तर कात्रीनं कापल्यासारखे तुकडे पडतात. लग्नात ह्यातलं निम्मंही कामाचं नाही, पण मला वेड लागलं होतं.

त्या दिवशी दुपारी जेवून मी पत्र्याच्या खोलीत बसलो होतो. लाइट नव्हती, म्हणून गिटारचा स्पीकर, म्हणजे अ‍ॅम्प बंद. पेडल बॅटरीवर आणि त्याला जोडलेला हेडफोन कानाला. हे नीट लक्षात घ्या — बाहेर काहीही ऐकू जात नव्हतं. माय दारातच तूर पाखडत होती. नंतर मी तिला विचारलं, तर म्हणाली, "तारांची नुसती टिचटिच यायली होती."

पेडलवर एक आकार असा होता की थरथर एकसारखी येत नाही, आपल्या मनानं कमीजास्त होते. त्यावर मी खालची तार ओढून धरली, खुंट्या फिरवत गेलो... आणि एका जागी अंगावर काटाच आला. ते मंदावणं, अडखळणं, चढणं. दादांची हाकच! मी परत वाजवलं. परत तेच. किती वेळ वाजवत होतो सांगता येणार नाही.

मायनं खांदा हलवला तेव्हा भानावर आलो. "आरं, मेंढरं एकलीच का म्हून आली? तुजे दादा कुठं हायत?"

बाहेर आलो तर अंगणात सगळा कळप. म्होरकी मेंढी खोलीच्या उंबऱ्याशी, तोंड आत करून उभी.

मी गाडी काढली, गळ्यातली गिटार आणि पेडलची पिशवी खांद्यालाच राहिली. दादा माळाच्या पार पलीकडच्या उतारावर होते. वस्तीवर डीजे लागला तरी त्याचा आवाज तिथं पोचत नाही. दगडावर बसले होते, हात गळ्यावर. मी कान जवळ नेला.

"तू हाक मारलीस का?"

"न्हाई, दादा."

"मग माझ्या आवाजात कोन वरडलं? घराकडून आला. आपरेशनच्या आधीचा, माझाच. मी त्यांच्या आडवा झालो... तरी थांबली न्हाईत. म्होरकी अंगावरनं गेली बघ." धोतरावर खुरांची माती होती.

मी हेडफोन त्यांच्या कानाला लावला आणि खुंट्यांना हात न लावता तार छेडली. दादा ऐकत राहिले. डोळे मिटलेले. मला — खोटं कशाला बोलू — मला वाटलं, आता तरी हा माणूस माझ्या पाठीवर हात ठेवील.

त्यांनी हेडफोन काढून माझ्या मांडीवर टाकला. "बंद कर त्ये."

दुसऱ्या सकाळी त्यांनी काठी आपटली, तर एकही मेंढरू हललं नाही. सगळी माझ्या पत्र्याच्या दारासमोर उभी. दादांनी खडे मारले, कान धरून ओढलं. शेवटी म्होरकीसमोर उकिडवे बसून तोंड उघडलं आणि जोर लावला. नुसता वारा निघाला. माय आत निघून गेली. मीही तिकडं बघू शकलो नाही.

त्याच आठवड्यात मेंढरं विकत न्यायला व्यापाऱ्याची गाडी आली. "दादा, मी सांभाळतो, माझ्यामागं येतील," मी हात जोडून म्हणालो. त्यांनी माझ्याकडं न बघता एकेक मेंढरू गाडीत चढवलं.

नंतर त्याच जागी खुंट्या ठेवून मी शेकडो वेळा वाजवलंय. निघतो तो साधा थरथरता सूर. दुसऱ्यांच्या कळपाजवळ अ‍ॅम्प लावूनही पाहिलं, मेंढरांनी मान वर केली नाही. एक साउंडवाला मित्र म्हणाला, भास झाला असेल. मला झाला, मान्य. पण दादांना? मेंढरांना? हेडफोनातला आवाज माळापलीकडं गेला कसा, आणि दादांचा होऊन का गेला? कुणाकडं उत्तर असेल तर सांगा, आता हसणार नाही.

परवा धीर करून दादांना विचारलं, "माझ्यावर राग हाय का?"

त्यांनी मला जवळ ओढलं.

"तुज्यावर का म्हून? सारी हयात वाटलं, ती माझ्यामागं येत्यात," ते कानात म्हणाले. "ती हाकेमागं येत व्हती. मी नसलो तरी चाललं असतं."