नळी नसलेला रस्सा

बंगळूरच्या बसमध्ये बसवून देताना बायकोने एकच बजावलं, "विहीणबाईंनी कितीही आग्रह केला तरी मटणाला हात लावायचा नाही." हृदयाचं दुखणं झाल्यापासून डॉक्टरांनी ते बंद केलं होतं. कोल्हापूरच्या माणसाला ही शिक्षाच; पण मी मनाशी पक्कं ठरवलं होतं.

माझी लेक सई सर्जापूर रोडला राहते. बस सोडून तिच्या घरी पोचेपर्यंत कोल्हापूरहून सांगलीला जाऊन आलो असतो, इतकी गर्दी. तिने माझ्यासाठी फ्रीजर भरून ठेवला होता: सोयाचं मटण, वाटाण्याचा खिमा, फणसाचे कबाब.

"बाबा, टेस्ट अगदी सेम आहे. फरकच कळणार नाही."

पोरीची माया बघून मला भरून आलं. आईने दिलेला कांदा-लसूण मसाला घालून तिने तर्रीदार तांबडा रस्सा केला. चव खरोखर जवळची होती आणि तिथंच घात झाला. माझी बोटं ताटात नळी शोधू लागली. नळी कुठली सापडणार! पोट भरलं, पण भूक उलट चाळवली.

दुसऱ्या दिवशी फिरायला निघालो तर पाय एका मिलिटरी हॉटेलापाशी (इकडची मटणाची खानावळ) थांबले. आतून वास येत होता. स्वतःवरच चिडून मी माघारी वळलो. इतके महिने गाडलेली आठवण त्या नकली मटणाने उकरून काढली होती.

रविवारी जे. पी. नगरला व्याह्यांकडे जेवण. जावयाचं घराणं मराठ्यांचंच, पण पिढ्यान्‌पिढ्या इथं राहिलेलं. व्याही आला की मटण हवंच, ही रीत त्यांच्याकडेही शाबूत. सईने वाटेतच युक्ती सांगितली, "सोयाचं मटण डब्यातून आणलंय. तुमच्या ताटात तेच वाढते. त्यांना वाईट वाटायला नको."

"नको. ते खाल्लं की मला खरं हवंसं वाटतं. मीच सांगतो त्यांना."

घरात शिरलो तर हॉलमध्ये वर्तमानपत्रं अंथरून सगळे गोल बसलेले. भिजवलेला अवरेकाळू (पावटा) चिमटीत दाबायचा, की दाणा सालीतून टुणकन बाहेर. थंडीत इथं घरोघरी हेच चालतं. मीही मांडी घालून बसलो. माझा पहिलाच दाणा व्याह्यांच्या चष्म्यावर जाऊन आदळला. हसू ओसरायच्या आत मी सांगून टाकलं, "विहीणबाई, मला मटण बंद आहे. वाढू नका."

त्यांचा चेहरा उतरला. "अण्णा, सकाळीच शिजवून ठेवलं की! व्याह्याला नुसतं सारू कसं वाढायचं? हे अवरेकाळूचं आमचं रोजचं जेवण."

"मला तेच वाढा."

त्या पदर खोचून उठल्या. "सरी (बरं). पण स्वल्प (थोडंसं) चालणार नाही हं. पोटभर जेवायचं."

खोबरं, धने, दालचिनीचं वाटण घातलेलं सारू आणि रागी मुद्दे (नाचणीचा उकडलेला गोळा). शेजारच्या ताटात मटण होतं आणि खोटं कशाला बोलू, जीव एकदा तिकडे ओढला गेला. पण पावट्याचं सारू कुणाची नक्कल करत नव्हतं. मी पुन्हा पुन्हा मागून घेतलं. सईचा डबा तसाच बंद राहिला.

कोल्हापूरला परत निघताना सई माझ्या पिशवीत फ्रीजरमधली पाकिटं भरू लागली. मी ती बाहेर काढली आणि विहीणबाईंनी दिलेले पावटे घेतले.

पुढच्या रविवारी आमच्या गल्लीत घरोघरी रस्सा शिजत होता. मी आणि बायको वर्तमानपत्र अंथरून पावटे सोलत बसलो. मटणाची जागा भरायला मटणासारखं काही लागत नाही, हे मला बंगळूरने शिकवलं. जेवताना बायको माझ्या हाताकडे बघत होती. बोटं ताटात काही शोधत नव्हती.