बँकेत न येण्याचा वर्ग

मामा बँकेत शिपाई आहे. माझ्या आईचा तो सख्खा भाऊ, पण शाखेत येणारा प्रत्येक जण त्याला मामाच म्हणतो. मॅनेजरसुद्धा, जो वयाने त्याच्या मुलासारखा आहे आणि अकलेने, मामाच्या मते, त्याहूनही लहान. चौतीस वर्षं मामाने चहा आणला, शिक्के मारले, काउंटरवरचं पेन कुणी नेलं की त्याच दोरीला नवं बांधलं. लोक पेन नेतात पण दोरी ठेवतात, म्हणजे मूळचे प्रामाणिक आहेत, असं तो म्हणतो.

दुपारी दीड वाजता मात्र बँकेला आग लागली तरी मामा सापडायचा नाही. सात मिनिटांवर घर आहे. काचबिंदूने मामीची नजर कडेकडेने खात आणली आहे, आणि औषधाची वेळ चुकली तर उरलीसुरलीही जाईल, असं डॉक्टरांनी बजावलंय. मामीचा हात थरथरतो. ती स्वतः घालायला गेली की थेंब डोळा सोडून सगळीकडे पडतो. म्हणून दीडचा थेंब मामाच घालतो.

गेल्या वर्षी मुख्य कचेरीतून पत्र आलं. लोक आता फोनवरूनच व्यवहार करतात. तेव्हा जिथे दिवसाला शंभर माणसंही येत नाहीत ती शाखा बंद. माणसं मोजणार दारातलं टोकनचं यंत्र. बटण दाबलं की नंबराची चिठ्ठी बाहेर येते. आमच्या शाखेचा नंबर चाळिशी ओलांडत नव्हता. शाखा बंद म्हणजे मामाची बदली मुख्य कचेरीत, बसने तीन तास. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली.

मामाने त्या यंत्राकडे दोन दिवस डोळे वटारून पाहिलं. तिसऱ्या दिवशी त्याच्याशी जमवून घेतलं.

समोरच्या थांब्यावर ताटकळणारे लोक, घोटभर पाणी प्यायला आत येणारा पोस्टमन, पंख्याखाली पेपर वाचायला बसणारे निवृत्त मास्तर, जो आत येईल त्याच्याकडून मामा आधी बटण दाबून घ्यायचा. स्वतः त्याने एकदाही दाबलं नाही. माणूस खरा, पाय खरे, मग टोकन खोटं कसं, असा त्याचा हिशेब. नंबर पुकारला की ही मंडळी निमूटपणे काउंटरवर जायची, आणि काम काहीच नसल्यामुळे कॅशियरबाईंच्या आईची तब्येत विचारायची आणि आपली सांगायची. महिन्याभरात बाईंना अख्ख्या वस्तीचे गुडघे पाठ झाले. पण त्यांना मामीचा दीडचा थेंब ठाऊक होता. त्या कपाळाला आठ्या घालून पुढचा नंबर लावत राहिल्या.

महिनाअखेरीस आकडा निघाला दिवसाला एकशे साठ. आणि त्यामागोमाग टाय बांधलेला एक तरुण साहेब.

साहेबाला कोडं पडलं होतं. रोज एकशे साठ माणसं येतात, त्यातली सव्वाशे काहीच न करता परत जातात, अशी शाखा त्याने पाहिली नव्हती. मामा चहाचा ट्रे धरून उभा. साहेबाने नेमकं मास्तरांनाच विचारलं, रोज कशासाठी येता? मास्तरांना कुणी पढवलेलं नव्हतं. ते गडबडले आणि म्हणाले,

"मला फोनमधलं काही येत नाही हो."

त्याच सकाळी त्यांनी फोनवरून विजेचं बिल भरलं होतं. स्वतःचं आणि मेहुणीचंही.

साहेबाचा चेहरा उजळला. पंधरा दिवसांत हुकूम आला. इथले लोक अडाणी आहेत, म्हणून बिचारे हेलपाटे घालतात. त्यांना फोनवरून व्यवहार शिकवण्यासाठी शाखा अठरा महिने चालू राहील, आणि शिकवेल तो, ज्याच्यावर लोकांचा विश्वास आहे असा माणूस, म्हणजे मामा. सगळे त्याआधी शिकले, तर शाखा त्याआधी बंद. मामाच्या निवृत्तीला तेव्हा बावीस महिने उरले होते.

मामाकडे तोवर बटणांचा फोन होता. बँकेने दिलेला नवा त्याने आठवडाभर रुमालात गुंडाळून ठेवला. मग दोन रविवार मी त्याला शिकवलं. दुसऱ्या रविवारी त्याने माझ्या खात्यात दहा रुपये टाकून दाखवले आणि एकदम काळजीत पडला.

"हे तर फारच सोपं आहे की गं."

आता रोज अकरा ते एक वर्ग भरतो. दुसऱ्या पायरीपर्यंत आलं की मामा थांबतो. घाई केली तर पैसे भलतीकडे जातात, बाकीचं उद्या. उद्या पुन्हा पहिल्यापासून. मास्तर पाच महिने नापास होत आहेत. आयुष्यभर पोरांना नापास केल्यावर ही बाजूही बघायला मिळाली, म्हणून खुशीत असतात.

परवा दीड वाजता मी मामाकडेच होते. मामी खुर्चीत मान मागे टाकून बसली होती.

"किती शिकले हो आज?"

"एक बाई. कापडाच्या दुकानातली. भलतीच हुशार निघाली."

"अगंबाई. मग आता?"

"उद्यापासून तिलाच शिकवायला बसवतो. मास्तरांना."

मामीचे खांदे हलायला लागले.

"आणि अठरानंतरचे चार महिने?"

"मास्तर आहेत ना. ते तेव्हाही नापासच असतील. तू हसू नकोस, थेंब बाहेर जाईल," मामा म्हणाला, आणि बाटली धरून तिचं हसू थांबायची वाट बघत राहिला.