शुक्रवारी कुटलेला दगड

कोळवणच्या एसटीवर माझी ट्रंक चढवताना माझ्या चुलत्यांनी, तात्यांनी, सगळ्यांदेखत विचारलं, "दगडं शिकाया इलायतेला? हितं बांधावर कमी हायेत व्हय?" सगळे हसले. मीही हसले. इंग्रजी शाळेच्या बोर्डिंगात राहिल्यापासून घरच्यांना उत्तर देणं मला जमत नसे. आई हसली नाही. खिडकीतून खोबरेल तेलाची बाटली देत म्हणाली, "मंगळवार-शुक्रवार न्हायचं, त्याल लावायचं. इसरू नगंस."

मी विसरले नाही, आई. पुढचं मात्र तुला कधी लिहिलं नाही.

इथल्या लॅबमध्ये माझ्याकडे गारेचा दगड होता, चकमकीच्या गारगोटीसारखा, पण अतिप्राचीन समुद्राच्या तळाशी साचलेला. त्या समुद्रात काही जगलं असेल, तर त्याच्या चरबीचा माग दगडात उरला असेल, असा माझ्या इथल्या सरांचा अंदाज. दगड कुटून त्याचा अर्क यंत्रात घातला की कागदावर रेघ उमटते; चरबी सापडली तर ती तिथे वर चढते. आधी दगडाशिवाय सगळी कृती एकदा करायची, म्हणजे भांड्यांचा मळ कळतो. ती मी गुरुवारी केली. रेघ सपाट आली. शुक्रवारी दगड कुटला. त्याच्या रेघेला उंच सुळका आला.

सरांनी लेख लिहिला. खाली माझंही नाव घातलं. पुढच्या एका मंगळवारी तो दुपारच्या टपालाने जायचा होता.

त्या सकाळी वेणी घालून बोटं पुसताना माझा हात थांबला. त्या शुक्रवारीही मी अशीच तेल लावून आले होते. लॅबमध्ये जाऊन बाटलीतला एक थेंब यंत्रात घातला. सुळका नेमका त्याच जागी.

टपालाला दोन तास होते. कुणाला काही कळलं नसतं. गप्प राहणं माझ्या अंगवळणी पडलेलं, आणि शिष्यवृत्ती पुढे चालू राहणं सरांच्या एका पत्रावर होतं. परत गेले असते तर तात्यांना हसायला नवं निमित्त. सरांच्या खोलीकडे जाताना जिन्यावर दोनदा मागे वळले.

"सर, हे माझ्या केसांचं तेल आहे."

त्यांनी दोन्ही कागद पाहिले, मग माझी वेणी. लेखाचं पाकीट खणात टाकलं. "पुन्हा करा," एवढंच म्हणाले. शिष्यवृत्तीचं विचारायचा मला धीर झाला नाही.

दुसऱ्या खेपेला सुळका गेला. काही बारीक उंचवटे तेवढे उरले. ते त्या समुद्राचे की आणखी कुणाच्या हाताचे, अजून ठरलेलं नाही. शिष्यवृत्तीसाठी सरांचं पत्र मात्र गेलं.

घर मागे राहिलं, असं मला एसटीत वाटलं होतं. ते माझ्या बोटांवर बसून इथवर आलं होतं. मंगळवार-शुक्रवार मी अजून पाळते. त्या दिवशी दगडाला हात लावत नाही.