कडूबाईचं रडणं

वालूरात कुणी गेलं की आधी कडूबाईला निरोप जायचा, मग पाहुण्यांना. तिच्याआधीची तीन लेकरं दगावली म्हणून आईबापानं चौथीचं नाव कडू ठेवलं होतं, यमाला गोड लागू नये म्हणून. यमानं तिला सोडलं खरं, पण सत्तरीपर्यंत दर मयताच्या दारात नेऊन उभं केलं.

रडणं काय, कुणालाही येतं, असं म्हणणाऱ्यानं कडूबाईला ऐकलेलं नसतं. गल्लीच्या तोंडापासून ती हेल काढत यायची, आणि रडता रडता मेलेल्या माणसाचा सगळा जन्म सांगायची. कुणी विहीर कशी खांदली, कुणी लेकीच्या लग्नात शेवटच्या पंगतीला बसून नुसता भात कसा खाल्ला. मेलेला लबाड असेल तर तेही घालायची, पण अशा बेतानं की त्याच्या बायकोलाही हुंदक्यात हसू फुटावं. मनकर्णाचा तरणा मुलगा वीज पडून गेला, तेव्हा मनकर्णा दीड दिवस भिंतीला टेकून बसली होती. डोळ्यात टिपूस नाही. कडूबाई शेजारी बसली आणि त्या पोराच्या सायकलीवर रडू लागली. चेन पडली की तो काळे हात आईच्या पदराला कसे पुसायचा, त्यावर. मनकर्णानं स्वतःचा पदर हातात घेऊन बघितला आणि तिला हंबरडा फुटला, तो वेशीपर्यंत ऐकू गेला. "न रडल्याली बाई आतून कुजती," कडूबाई म्हणायची. "काळजात गाठ बसती."

मग गावात सिनेमावाले आले. बारवेजवळ दहा दिवस त्यांचा तळ होता. त्यांच्या गोष्टीत नायकाचा खून होतो आणि त्याची बायको प्रेताजवळ बसते, एवढं गावाला कळलं होतं. रडायला बायका पाहिजेत म्हटल्यावर लोकांनी कडूबाईला पुढं केलं.

कडूबाईनं दिग्दर्शकाला आधी विचारलं, "मेलेला कोन हाय? लेकरं किती त्याला?"

"ते महत्त्वाचं नाही, मावशी. तुम्ही फक्त रडा."

म्हातारीला हे पटलं नाही. तरी तिनं त्या परक्या नटाला मनातल्या मनात दोन लेकरं आणि एक बैल दिला आणि सुरुवात केली. एवढ्यात दिग्दर्शक ओरडला, "मावशी, जास्त होतंय. खोटं वाटतंय. तुम्ही पदर तोंडावर घ्या आणि गप्प बसा." मग शहरातून आलेली नटी पांढरंधोट लुगडं नेसून बसली. एका पोरानं तिची मान वर करून डाव्या डोळ्यात बाटलीतला एक थेंब सोडला. तो तीनदा चुकीच्या वेळी ओघळला. चौथ्या वेळी बरोबर ओघळला, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

कडूबाईनं घरी येऊन नवऱ्याला हे सांगितलं आणि दोघंही पोट धरून हसले. बन्सीधरच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं. दिवसातून तीनदा ती त्याच्या डोळ्यात औषध घालायची आणि हा बाप्या थेंब पडायच्या आधीच डोळा गच्च मिटायचा. "त्या नटीकून शिका जरा," ती म्हणायची. "ती बया पापनी बी हालवत न्हाई."

सिनेमा लागल्यावर आख्खं गाव टेम्पो करून परभणीला गेलं. पडद्यावर त्या बाईचा चेहरा भिंतीएवढा झाला, सारंगी वाजली आणि तो एकच थेंब गालावरून खाली आला. सरपंच दत्तराव रुमाल काढून डोळे पुसत होते. मागं दोन निमिषं पदर घेतलेल्या बायका दिसल्या, तेव्हा बन्सीधर काळा चष्मा वर करून मोठ्यानं म्हणाला, "ती बघा, ठिगळाच्या पदराची. ती माही हाय." लोकांनी त्याला गप्प केलं. येताना टेम्पोत कडूबाई सांगत होती की तो थेंब बाटलीतला होता, मी ह्या डोळ्यांनी बघितलाय. कुणी ऐकून घेतलं नाही. मनकर्णासुद्धा म्हणाली, "काय का आसंना कडू, पर दुःख आसं आसावं. आपलं नुस्तं बोंबलनं."

गाव बिघडायला तेवढं पुरलं. पुढच्या दोन वर्षांत माणसं मरायची थांबली नाहीत, पण मयताची तऱ्हा बदलली. दत्तरावांचा बाप गेला तेव्हा घरच्यांनी सेलूहून पांढरे झब्बे आणवले, नातवांनी काळे गॉगल लावले आणि स्पीकरवर सारंगी. जन्मभर हिरव्यापिवळ्या लुगड्यात वावरलेल्या सुना पांढऱ्या साड्या नेसून रांगेत बसल्या. कडूबाई सवयीप्रमाणे कोपऱ्यापासून हेल काढत आली. पोरीबाळी फिसकन हसल्या. दत्तराव पुढं होऊन अगदी नम्रपणे म्हणाले, "काकू, आता तसलं न्हाई राह्यलं. साधं ठिवा." कुणीतरी तिचं रडणं मोबाइलवर घेतलं आणि त्याच्यामागं ढोलकी लावून गावभर फिरवलं. त्यानंतर तिला निरोप येणं बंद झालं.

कडूबाई चार दिवस जेवली नाही. बन्सीधरनं तिची समजूत घातली ती त्याच्या पद्धतीनं.

"मी मेल्यावर मोकळ्यानं रड. तुला कोन अडिवतंय ते बघतो."

"मेल्यावर कसं बघताल? आन तुमच्यावर काय रडू? रडन्यासारखं केलंव काय?"

बन्सीधर बोटांवर मोजायला बसला. बारवेत पडलेली म्हैस काढली, ते घाल. रामच्या वेळेला तू बाळंतपणात अडली तर बाजेवर घालून सेलूपर्यंत नेलं, ते घाल. तुझी चप्पल चोरीला गेली आणि मी जत्रेतून अनवाणी आलो, माझी तुला दिली, ते विसरू नको. "आन मी तुला एकदा मारलं, ते बी घाल," तो हळूच म्हणाला. "न्हाईतर लोक म्हनतील लबाड बोलायली." कडूबाईनं सगळं ध्यानात ठेवलं. माणसाला आपल्यामागं काय उरावं याची हाव असते. बन्सीधरला फक्त एवढं पाहिजे होतं.

पौषात एका सकाळी चहाची कपबशी हातात असतानाच तो गेला.

राम, त्यांचा एकुलता एक, परभणीत प्लॉटचा धंदा करतो. तो, त्याची बायको सृष्टी आणि त्यांच्या ओळखीपाळखीचे लोक चार गाड्यांतून आले. सृष्टीनं येतानाच सासूसाठी पांढरी साडी आणली होती. कडूबाई तिच्या हिरव्या लुगड्यातच प्रेताजवळ बसली आणि तिनं तोंड उघडलं.

"माझ्या धन्या रंऽ, बारवेतली म्हस काढलीस रंऽ..."

अंगणात कुणीतरी हसलं. मग चार-पाच मोबाइल वर झाले. तो हेल ऐकल्यावर लोकांना ते ढोलकीवालं रडणं आठवलं असणार. राम लाल होऊन आला आणि त्यानं आईचा दंड धरला.

"माय, लोक शूटिंग करायलेत. माझे पार्टनर आलेत. गप बस."

"तुह्या बापाला कबूल केलंय म्या. अजून चपलीचं ऱ्हायलंय."

"कसली चप्पल? सृष्टी, हिला आत ने."

कडूबाई उठेना. तिनं पुन्हा हेल काढला, तोच तिच्या तोंडावर एक हात आला. खरबरीत, ओळखीचा हात होता तो. मनकर्णाचा. "नको गं कडू," ती कानात म्हणाली, "हासायलेत लोक." तो हात दुसऱ्या कुणाचा असता तर कडूबाई चावली असती. आता ती नुसती मनकर्णाकडं बघत राहिली. तिरडी उचलली, अंगणाबाहेर गेली, रामनं स्पीकरवर लावलेली सारंगी वाजत राहिली. म्हैस निम्मीच निघाली होती. बाकीचं सगळं राहून गेलं.

त्यानंतरचे बारा दिवस ती बोलली नाही. कुणी विचारलं तर मान हलवायची. छातीवर हात ठेवून बसायची.

तेराव्याला रामनं मांडव घातला. बन्सीधरचा मोठा फोटो, पांढरी फुलं, कॅमेरावाला. कडूबाईला पांढरी साडी नेसवून फोटोजवळ खुर्चीत बसवलं. कॅमेरावाल्यानं दोन-तीनदा डोळा लावून बघितलं आणि तो रामच्या कानाशी लागला. म्हातारीच्या चेहऱ्यावर काहीच येईना. लोकही कुजबुजायला लागले होते, नवरा मेलाय का शेजारी, म्हणून.

सृष्टीला देवळीत एक बाटली सापडली. डोळ्याच्या औषधाची, निम्मी भरलेली. ती सासूजवळ आली, इतरांना दिसू नये म्हणून पाठ करून उभी राहिली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "आत्या, मान वर करा जरा. दोनच थेंब. बरं दिसंल."

कडूबाईनं बाटली ओळखली. झाकणाला तिनंच लाल दोरा बांधला होता. तिनं मुकाट मान वर केली आणि डोळे उघडे ठेवले. थेंब पडला तरी तिची पापणी हलली नाही. सृष्टी बाजूला झाली. डाव्या डोळ्यातून पाणी निघालं, सुरकुत्यांतून वाट काढत हनुवटीपर्यंत आलं, आणि कॅमेरावाल्यानं अंगठा वर केला.

मांडव शांत झाला. दत्तरावांनी रुमाल काढला. बायकांत बसलेल्या मनकर्णानं पदरानं डोळे टिपले आणि शेजारणीला म्हणाली, "आज रडली बाई. बरं झालं, गाठ सुटली."