अकराशे दोनची गाडी

सकाळी सात ते साडेआठ या वेळात ग्वाक दोकसू गाड्या ढकलायचा. हुद्दा पहारेकऱ्याचा, पण पहारा हा त्याच्या कामातला सगळ्यात छोटा भाग. चोंगजू शहरातली ही वसाहत बांधली तेव्हा चार घरांत मिळून एक गाडी असायची. आता एकेका घरात दोन-दोन झाल्या, जागा मात्र तेवढीच राहिली. म्हणून लोक उभ्या गाड्यांसमोर आपल्या गाड्या आडव्या लावत, गिअर मोकळा ठेवत, हातब्रेक सोडत, काचेवर फोन नंबर ठेवत आणि वर जाऊन खुशाल झोपत. ज्याला बाहेर पडायचं असेल त्याने समोरची गाडी ढकलून आपली वाट करावी, असा रिवाज. प्रत्यक्षात लोक कोटाच्या खिशातून हात न काढता हाक मारत, "काका, जरा हात लावा!" आणि सदुसष्ट वर्षांचे काका एकटेच पाठ लावत.

दोकसूला त्याचं वाईट वाटत नसे. तीस वर्षं त्याने बोउनच्या डोंगरवाटांवर एस.टी.सारखी गावगाडी चालवली होती. गाडी हा विषय आला की त्याची छाती दोन बोटं फुगायची. वाईट वाटायचं ते कराराचं. पहारेकऱ्यांना तीन-तीन महिन्यांचा करार मिळे, आणि तिसरा महिना लागला की माणूस आपोआप जरा जास्त वाकून नमस्कार करू लागे. चारातले तीन पहारेकरी उरले होते. रहिवासी समितीचे अध्यक्ष प्यो यांना दोनच पुरेसे वाटत होते, आणि तसं ते मोकळेपणाने बोलूनही दाखवत. फेब्रुवारीच्या शेवटच्या शुक्रवारी नवे करार व्हायचे होते. गावाकडे बायको ओकबुन बोरांची बाग एकटी सांभाळत होती, आणि तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन मेमध्ये ठरलं होतं. तोवर नोकरी टिकली पाहिजे, एवढंच त्याचं देवाकडे मागणं होतं.

अकराशे दोन नंबरच्या घरात मो सेरिन राहायची. पियानो शिकवायची, म्हणून सगळे तिला बाई म्हणत. चाळिशीची, एकटी, घाईघाईने चालणारी. तिने विजेवरची गाडी घेतली होती. सकाळी ती शिकवायला बसने जाई आणि जाताना गाडीची किल्ली दोकसूच्या हातावर ठेवी. "काका, एखादी जागा सुटली की आत लावाल?" पहारेकऱ्याला असली कामं सांगायची नाहीत असा नियम झाला होता, आणि किल्ली घेणाऱ्या पहारेकऱ्याला थेट घरी पाठवू, असं प्यो साहेबांनी बजावलंही होतं. पण बाई जाताना भाजलेलं रताळं कागदात गुंडाळून देई आणि 'कृपा करा' म्हणे. बाकी लोक कुठे म्हणत?

आणि खरं सांगायचं तर दोकसूलाही ती किल्ली हवी असायची. दुपारी पहारेकऱ्यांना दोन तास विश्रांती होती, पण विश्रांतीची खोली तळघरात, पाण्याच्या पंपाला लागून. भिंतीला ओल, वर पंपाची घरघर. तिथे डोळा लागणं शक्यच नव्हतं. म्हणून महिनाभर तो बाईंच्या गाडीत जाऊन बसत होता. डबा खायचा, ओकबुनला फोन करायचा, अर्धा तास डोळे मिटायचे. कुणाचं काही बिघडत नव्हतं.

त्या आठवड्यात थंडीने कहर केला. नळ गोठले. दोकसूने गाडीत बसून सीट गरम करायचं बटण शोधून काढलं. पण ब्रेक दाबून गाडी पुरती चालू केली तर बाईंचं चार्जिंग खर्च होणार. दुसऱ्याची वीज फुकट कशी जाळायची? म्हणून तो ब्रेकला पाय न लावता नुसतं बटण दोनदा दाबायचा. समोरचा काचेचा पडदा उजळे, रेडिओ लागे, सीट गरम होई आणि गाडी मात्र बंद! आपण काय युक्ती काढली, म्हणून तो स्वतःवरच खूश होता. सोमवारी तास, मंगळवारी दीड तास. मंगळवारी उठायच्या सुमाराला पडदा आपोआपच विझला. गिअर मोकळा सोडायचं बटण त्याने दाबलं आणि उतरला. उतरल्यावर गाडीला एक धक्का देऊन ती हलते का पाहायची, ही त्याची तीस वर्षांची सवय. पण तेवढ्यात कार्यालयातून फोन आला, पार्सलांचा ढीग पडलाय, कुठे आहात? तो तसाच धावला.

बुधवारी सकाळी सव्वाआठला प्यो साहेब आपल्या आईला चाकाच्या खुर्चीत घालून खाली आले. आजी नव्वदीच्या जवळ. आठवड्यातून तीनदा त्यांचं रक्त शुद्ध करायला दवाखान्यात न्यावं लागे, नऊची वेळ. साहेबांच्या गाडीसमोर बाईंची गाडी आडवी उभी होती.

"ग्वाक, ढकला लवकर."

दोकसूने पाठ लावली. गाडी हलली नाही. त्याने बूट घट्ट रोवून पुन्हा जोर लावला. शेजारून जाणारे दोघे आले, साहेबांनी स्वतः हात लावला. चौघांच्या तोंडातून वाफा निघाल्या, गाडी मात्र जागची ढिम्म. काल परत द्यायची राहून गेलेली किल्ली त्याच्या खिशातच होती, तिचं बटण त्याने हळूच दाबलं. एरवी दारांच्या मुठी आपोआप बाहेर येत. आज एकही आली नाही. गार वाऱ्यातही त्याला घाम फुटला, कारण काय झालं असावं ते त्याच्या लक्षात आलं होतं.

फोन केल्यावर बाई ओल्या केसांनीच धावत आली. आजींना पाहून तिचं तोंड उतरलं. "चुकलं हो साहेब, काल संध्याकाळपासून मी हात पण लावला नाही गाडीला!"

"हात लावला नाही म्हणून काय झालं? आडवी लावली ना? न हलणारी गाडी आडवी कोण लावतं?"

टॅक्सी यायला वीस मिनिटं लागली. तेवढा वेळ आजी खुर्चीत बसून होत्या, गुडघ्यांवर दोन गोधड्या, नाक लाल. दोकसूने आपल्या चौकीतला गरम चहा आणून दिला. आजी त्याचा हात धरून म्हणाल्या, "तू थकशील रे. म्हाताऱ्या माणसाने किती गाड्या ढकलायच्या?" त्याला तिथल्या तिथे जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. शेवटी साहेबांच्या पत्नी खाली आल्या आणि आजींना टॅक्सीने घेऊन गेल्या. साहेब मात्र थांबले. आज याचा निकाल लावायचाच, असं त्यांनी जाहीर केलं.

विमा कंपनीचा मेकॅनिक आला. जाड जाकीट, कानावर बिडीसारखी खोचलेली पेन्सिल. त्याने मुठीच्या आतली लपवलेली चावीची जागा शोधून बाईकडच्या दुसऱ्या किल्लीने दार उघडलं, पुढचं झाकण उचललं आणि हातातल्या पेटीच्या दोन वायरी लावल्या. "मोठी बॅटरी भरलेली असणार बघा. बारकी मेलीय."

"बारकी म्हणजे?" साहेबांनी विचारलं.

"विजेच्या गाडीत पण साधी छोटी बॅटरी असते साहेब, तुमच्या गाडीत असते तशी. दारं, पडदा, गिअर, सगळं तिच्यावर. ती मेली की मोठीला कुणी उठवतच नाही. कोठारात धान्याची कणगी भरलीय आणि कोठाराची किल्ली हरवलीय, तसं." गाडी टिणटिण करून जागी झाली. पडद्यावर आकडा आला: एक्क्याण्णव टक्के.

"मग मेली कशाने?"

"गाडी पुरती चालू असली की मोठी बॅटरी बारकीला भरत राहते. अर्धवट चालू ठेवून रेडिओ-बिडिओ लावला की नुसतं काढणंच, घालणं काही नाही. कुणीतरी बसलं असणार आत. दीड-दोन तास तरी."

दोकसू गाडीपासून तीन पावलांवर उभा होता. ब्रेक दाबला असता तर काहीच झालं नसतं! फुकट वीज जाळायची नाही म्हणून केलेल्या काटकसरीनेच घात केला होता. त्याला रडू आलं आणि हसूही आलं, पण दोन्ही तिथे करण्यासारखं नव्हतं.

"कुणी बसलं म्हणजे? किल्ली तर बाईंकडे." साहेबांची नजर एकदा दोकसूवरून फिरून गेली. "कॅमेरा आहे ना पुढे? आवाजही टिपतो. लावा बघू."

काचेवरच्या त्या इवल्याशा कॅमेऱ्याचा दोकसूने महिनाभरात एकदाही विचार केला नव्हता. त्याच्या गावगाडीत असलं काही नव्हतं. बाईने फोनवर कालची दुपार काढली आणि वाऱ्यात ऐकू येईना म्हणून फोन कानाला लावला. दोकसूचे ओठ हलले. मी होतो, एवढे दोन शब्द म्हणायचे. तेवढे म्हटले की सुटलो. पण शुक्रवार दोन दिवसांवर होता, आणि ओकबुनचे गुडघे त्याच्या डोळ्यांसमोर आले.

बाई बराच वेळ ऐकत राहिली. तिचा चेहरा आधी गोंधळला, मग लाल झाला. मग तिने फोन खाली घेतला.

"मीच होते," ती म्हणाली.

"तुम्ही?"

"काल दुपारचा तास रद्द झाला. येऊन बसले होते गाडीत, गाणी ऐकत. विसरलेच होते. माझीच चूक झाली, साहेब."

"मघाशी तर म्हणालात, हात लावला नाही?"

"संध्याकाळनंतर नाही लावला," असं म्हणून ती कमरेत पुरती वाकली. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, दोकसूकडे पाहिलं, आणि "समितीत बघू" म्हणून निघून गेले.

तासाभराने ती चौकीशी आली. दोकसू उठून उभा राहिला. काय बोलावं ते त्याने मनात चारदा जुळवलं होतं, तोंडातून एवढंच निघालं, "बाई, मी..."

"किल्ली द्या, काका."

त्याने दोन्ही हातांनी किल्ली पुढे केली.

"बसलात त्याचं मला काही नाही," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच त्याला जास्त लागला. "विचारलं असतंत तर मीच बसा म्हटलं असतं. पण काकूंना काय सांगत होता तुम्ही? 'पोरगी वेंधळी आहे, गाडीची किल्ली कुणाच्याही हातात देते, उद्या कुणी गाडी पळवली तरी हिला पत्ता लागायचा नाही.' आणि हसलात."

"गंमतीने म्हणालो हो. तिला हसवायला. तिचे पाय दुखतात..."

"हो, तेही ऐकलं. म्हणून तर मघाशी तसं म्हणाले." तिने किल्ली मुठीत मिटली. "आणि बरोबरच बोललात. कुणाच्याही हातात दिली."

शुक्रवारी करार झाला. तीन महिने. साहेबांनी सही करताना मान वर केली नाही. दोकसूने ओकबुनला फोन करून सांगितलं, तिने देवाचे आभार मानले, आणि त्या दुपारी त्याने डबा न उघडताच परत पिशवीत ठेवला.

संध्याकाळी कार्यालयातून त्याला सोळा कागद मिळाले, सगळ्या लिफ्टमध्ये लावायला. समितीचा ठराव होता. 'अकराशे दोन नंबरच्या रहिवाशाने निष्काळजीपणे गाडी अर्धवट चालू ठेवल्याने एका आजारी वृद्धेला गैरसोय सोसावी लागली. त्यांना सक्त ताकीद देण्यात येत आहे. यापुढे विजेवरच्या गाड्या आडव्या लावू नयेत.' त्याने कागद वाचला, दुमडला, उलगडला, पुन्हा वाचला. कार्यालयात परत जाऊन ते सगळे कागद टेबलावर ठेवावेत असंही त्याच्या मनात आलं. पण मग कारण सांगावं लागलं असतं. तो चिकटपट्टी घेऊन निघाला.

तिसऱ्या लिफ्टमध्ये तो कागद लावत असताना दार उघडलं. सेरिनबाई आत आली, तिच्याबरोबर तिच्याकडे शिकणाऱ्या एका मुलीची आई. दोघी हसत बोलत होत्या. त्या आईने सवयीने भिंतीवरचा कागद वाचायला सुरुवात केली. वाचता वाचता तिचं हसू थांबलं. तिने बाईकडे पाहिलं, मग घाईघाईने आपल्या बुटांकडे. "आजींना त्रास झाला वाटतं," ती हळूच म्हणाली.

"हो," बाई म्हणाली, "माझ्यामुळे."

दोकसू भिंतीकडे तोंड करून उभा होता. हातातली चिकटपट्टी बोटाला चिकटून बसली होती. आता बोल, तो स्वतःला म्हणत होता, आता तरी बोल मेल्या. लिफ्ट सातव्यावर गेली, आठव्यावर, नवव्यावर. अकरावा मजला आला. ती आई आधी बाहेर पडली. बाई दारात थांबली आणि त्याच्या खांद्यावरून तिने कागदाकडे पाहिलं.

"काका, तिरका लागलाय. सरळ करा."

दोकसूने कागदाचा वरचा कोपरा सोडवला, एका बोटभर वर घेतला आणि सरळ करून तळहाताने दाबून चिकटवला.